नळ आला त्या पहाटे: फिशटँकचं पाणी बदलताना झालेल्या दोन चुकांचं प्रकरण

जळगाव जिल्ह्यातलं, तापीचं पाणी पिणारं एक शहर. जूनचा शेवटचा आठवडा, हतनूर धरणाचे दरवाजे उघडलेले, नदीला पहिलं गढूळ पाणी. नळ आठवड्यातून एकदा, पहाटे तास-दीड तास. अशा एका पहाटे एका घरात फिशटँकचं निम्मं पाणी बदललं गेलं आणि दुपारपर्यंत दोन एंजल व तीन टेट्रा मासे मेले. उरलेले वाचले असं वाटत होतं, तर चौथ्या दिवशी आणखी दोन टेट्रा गेले. पहिल्या खेपेचं कारण नळाच्या पाण्यात होतं. दुसऱ्या खेपेचं कारण त्याच पहाटे नळाखाली घडलं, पण तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

प्रकरण एका घराचं म्हणून मांडलं असलं, तरी पावसाळ्याच्या तोंडाशी खानदेशात जे नेहमी घडतं त्यावरून ते बेतलेलं आहे. घरातले आकडे हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत. रसायनाचं गणित आहे तसंच आहे.

टाकी आणि मासे

काच तीन फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट उंच. दुकानात ही टाकी सव्वाशे लिटरची म्हणून विकतात. खरं पाणी त्याहून बरंच कमी असतं. लांबी, रुंदी आणि खडीच्या वरपासून पाण्याच्या पातळीपर्यंतची उंची इंचात मोजा, गुणाकार करा, 61 ने भागा, लिटर मिळतात. इथे 36 गुणिले 12 गुणिले 14 भागिले 61 म्हणजे 99. काचेची जाडी आणि आतले दगड वजा केले की सुमारे 95 लिटर. पुढचा सगळा हिशेब या 95 वर आहे. औषध असो की अँटी-क्लोरीन (नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारणारं द्रावण), आधी हा आकडा टाकीच्या मागच्या काचेवर चिकटवून ठेवावा.

मासे: चार एंजल, आठ सर्पे टेट्रा, दोन पर्ल गौरामी, एक सकर. एअरपंपावर चालणारा एकच स्पंज फिल्टर. एप्रिल-मे असे दोन महिने पाणी बदललेलं नव्हतं, नुसती भर घातली जात होती. खानदेशातल्या उन्हाळ्यात, खोलीत कूलर आणि पंखा दिवसभर चालू असताना, एवढ्या टाकीतून रोज लिटरभर पाणी सहज उडतं. ती भर बोअरच्या पाण्याने घातली गेली. बोअरचा टीडीएस, म्हणजे लिटरमागे विरघळलेल्या क्षारांचे मिलिग्रॅम, 900. दोन महिन्यांत साठेक लिटर बोअरचं पाणी आत गेलं आणि बाहेर गेली फक्त वाफ. क्षार सगळे आतच राहिले. टाकीचा टीडीएस 500 वरून 1100 च्या आसपास पोचला आणि काचेवर पाण्याच्या रेषेला पांढरा थर धरला.

त्या पहाटे

साडेपाचला नळ आला. सायफनने 50 लिटर पाणी काढलं. स्पंज बाहेर काढून नळाच्या धारेखाली, स्वच्छ पाणी निघेपर्यंत पिळून धुतला. बादल्या वाहायचा कंटाळा म्हणून नळाचा पाइप सरळ टाकीत सोडला. टाकी भरल्यावर अँटी-क्लोरीनच्या बाटलीतले दहा थेंब टाकले. बाटलीवर लेबल नव्हतं. बाटली देताना दुकानात सांगितलं होतं ते एवढंच: "दहा थेंब टाका भाऊ, काही होत नाही."

वीस मिनिटांत टेट्रा सैरावैरा धावायला लागले, काचेवर आपटायला लागले. एंजल पृष्ठभागाशी तिरपे उभे, तोंड पाण्याबाहेर, कल्ल्यांची उघडझाप इतकी जलद की मोजता येऊ नये. पंख अंगाला चिकटलेले. तासाभरात अंगावर चिकट पांढुरकी साय दिसू लागली. बाराच्या सुमारास पाच मासे गेले. मेलेल्या एंजलच्या कल्ल्याचं झाकण उचलून पाहिलं तर एरवी लालबुंद दिसणारा कल्ला फिका आणि बुळबुळीत झालेला.

गौरामी आणि सकर मात्र शाबूत. ही खूण महत्त्वाची. गौरामीच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर हवेतला ऑक्सिजन घेणारं जादा इंद्रिय असतं. तो वर येतो, हवेचा घोट घेतो, आणि कल्ले अर्धवट निकामी झाले तरी काही तास तग धरतो. सकरही अडचणीच्या वेळी हवा गिळून पोटावाटे ऑक्सिजन घेतो. हवेवर जगू शकणारे वाचले आणि कल्ल्यांवर अवलंबून असणारे गेले, तेही तासांच्या हिशेबात, तर पहिला संशय कल्ले जाळणाऱ्या गोष्टीवर घ्यायचा. नळाच्या ताज्या पाण्यात ती गोष्ट क्लोरीन.

बाकीचे संशयितही तपासायला हवेत. तापमान: नळाचं पाणी 29 अंश, टाकी 31, दोन अंशांनी कुणी मरत नाही. टीडीएस: 1100 चं पाणी एकदम 670 वर आलं. हा धक्का खराच, टेट्रा-एंजलना त्रास देणारा. पण त्याचा परिणाम सहसा काही तासांनी, कधी दोन-तीन दिवसांनी सुस्ती, बुरशी, पांढरे ठिपके अशा वाटेने दिसतो. वीस मिनिटांत कल्ले फिके पडत नाहीत. जुन्या टाकीत माशांच्या घाणीतून साठलेल्या अमोनियमचं, पीएच (पाणी किती आम्ल की अल्कली याचं माप) चढल्याने, विषारी अमोनिया झालं, हीही शक्यता असते, पण त्यासाठी टाकीचा पीएच आधी उतरलेला लागतो. इथे बोअरच्या कठीण पाण्यामुळे तो 8.2 वरच टिकून होता.

दहा थेंब म्हणजे किती?

आपल्याकडे दुकानात अँटी-क्लोरीन म्हणून मिळतं ते बहुतेक वेळा सोडियम थायोसल्फेट. पूर्वी फोटो धुण्याच्या डार्करूममध्ये वापरायचे तेच, स्वच्छ खडीसाखरेसारख्या स्फटिकांत मिळणारं. 1 मिलिग्रॅम क्लोरीन मारायला या स्फटिकांचे सुमारे 7 मिलिग्रॅम लागतात, असं धरून चालावं. प्रत्यक्षात परिस्थितीनुसार कमीतही काम होतं, पण डोस 7 च्या हिशेबाने काढला की कमी पडत नाही.

बाटलीतलं द्रावण दहा टक्क्यांचं होतं असं उदारपणे धरू, म्हणजे 1 मिलिलिटरमध्ये 100 मिलिग्रॅम. दहा थेंब म्हणजे जेमतेम अर्धा मिलिलिटर, म्हणजे 50 मिलिग्रॅम, म्हणजे 7 मिलिग्रॅम क्लोरीन मारण्याची ताकद. आत गेलेल्या 50 लिटर पाण्यात क्लोरीन होतं लिटरला 2 मिलिग्रॅम, एकूण 100 मिलिग्रॅम. लागणारा डोस 7 मिलिलिटर. दिला त्याचा चौदावा हिस्सा. तोही पाणी भरून झाल्यावर.

लिटरला 2 मिलिग्रॅम हा आकडा काहींना जास्त वाटेल. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस 10500 मध्ये, ग्राहकाच्या नळाला किमान 0.2 मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन अपेक्षित आहे, आणि विषाणूंपासून संरक्षण हवं असेल तेव्हा किमान 0.5. पण हे किमान शहराच्या शेवटच्या नळाला मिळायचं असेल तर जलकुंभाजवळच्या घरांना त्याहून बरंच जास्त येणार. आणि पहिल्या पुराच्या पाण्यात गाळ, पालापाचोळा, शेतातलं वाहून आलेलं सगळं असतं. चांगदेवला पूर्णा तापीला मिळते आणि तिच्याबरोबर गाळ येतो तो पावसाळाभर. असं पाणी क्लोरीन खातं, म्हणून शुद्धीकरण केंद्रात मात्रा वाढवतात. ती वाढवायलाच हवी. कावीळ आणि गॅस्ट्रो त्यामुळेच आटोक्यात राहतात. माणसाला 2 मिलिग्रॅम क्लोरीनने फक्त वास येतो. माशाला मात्र एक दशांश मिलिग्रॅमही निर्धोक नाही. तेव्हा दोष पाणी सोडणाऱ्याचा नाही. मार्चमध्ये चाललेला डोस जूनमध्ये चालेल असं धरणं, ही चूक.

एक गोंधळ इथेच निस्तरून टाकू, कारण त्यात टाकीतले सगळे मासे जातात. बोलताना थायोसल्फेटलाही हायपो म्हणतात आणि फवारणीच्या, लादी निर्जंतुक करण्याच्या सोडियम हायपोक्लोराइटलाही हायपो म्हणतात. दुसरं म्हणजे द्रवरूप क्लोरीनच. केमिकलच्या दुकानात नुसतं "हायपो द्या" म्हणू नये. हवे ते कोरडे, पारदर्शक स्फटिक, वास नसलेले. कॅनमधून पिवळसर पाणी ओतून द्यायला लागले, तर ते आपलं नव्हे.

मोजायचं कधी आणि कसं

ग्रामपंचायतीत, पाणीपुरवठ्यात जी ओटी टेस्ट करतात तीच घरी चालते. नळीत पाणी घ्यायचं, ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकायचे, पिवळा रंग तक्त्याशी जुळवायचा. पहिल्या काही सेकंदांत येणारा पिवळा रंग मुक्त क्लोरीनचा; पाच मिनिटं ठेवल्यावर रंग आणखी गडद झाला तर पाण्यात बांधलेलं, म्हणजे अमोनियाला धरून बसलेलं, क्लोरीनही आहे. गरम पाण्यात हा फरक पुसट होतो. ज्याला नेमकं हवं त्याने डीपीडीच्या गोळ्यांचं किट घ्यावं, त्यात मुक्त आणि एकूण वेगळं मोजता येतं, रंग गुलाबी येतो. ऑर्थोटोलिडिन आरोग्याला घातक मानतात. तपासलेलं पाणी टाकीत परत ओतू नये, मुलांच्या हाती बाटली देऊ नये आणि हात धुवावेत.

या घरात पुढच्या पाळीला मोजमाप झालं, तेव्हा एक गंमत समोर आली. नळ आल्या आल्या भरलेल्या पहिल्या बादलीत क्लोरीन जवळजवळ शून्य. वीस मिनिटांनी भरलेल्या बादलीत एकूण 2.0, त्यातलं 1.2 मुक्त आणि 0.8 बांधलेलं. पहिलं पाणी आठवडाभर पाइपात पडून राहिलेलं असतं. त्यातलं क्लोरीन गंज आणि पाइपातल्या बुळबुळीत थराने खाऊन टाकलेलं असतं. पहिल्या बादलीवर टेस्ट करून "आज क्लोरीन नाही" म्हणणारा माणूस पुढच्या दहा मिनिटांत फसतो. पहिली दहा-पंधरा मिनिटं पाणी झाडांना, अंगणाला, संडास-मोरीला वापरावं. टेस्ट त्यानंतर, आणि टाकीसाठी भरायचं तेही त्यानंतरच.

नळाला मोटर लावून पाणी ओढलं की ते दुधासारखं पांढरं येतं. ती हवा असते. भांड्यात ठेवलं की खालून वर निवळत जातं. असं पाणी तसंच टाकीत गेलं तर बारीक बुडबुडे माशांच्या अंगाला आणि कल्ल्यांना चिकटतात. मोटर लावणं शेजाऱ्याच्या वाट्याचं पाणी ओढणं आहे, ते वेगळंच.

"एक रात्र ठेवलं की उडून जातं"

हा सल्ला खोटा नाही, अपुरा आहे. मुक्त क्लोरीन हवेत उडतं, उन्हाने फुटतं. रुंद तोंडाच्या भांड्यात, एअरस्टोन (पंपाच्या हवेचे बारीक बुडबुडे सोडणारा दगड) लावून, चोवीस तास ठेवलं तर बहुतेक जातं. पण गच्चीवरच्या काळ्या, झाकण घट्ट बसवलेल्या टाकीत ना ऊन ना हवा. तिथे ते दोन-तीन दिवसही रेंगाळतं. म्हणजे "आमचं पाणी गच्चीवरून येतं, शिळंच असतं" हा युक्तिवाद नळ आल्याच्या दुसऱ्या दिवशी कामाचा नाही.

बांधलेलं क्लोरीन हा वेगळा मामला. नदीच्या पाण्यात अमोनिया असला की क्लोरीन त्याला धरून क्लोरामाईन होतं. उन्हाळ्याच्या शेवटी पात्रात पाणी कमी आणि सांडपाणी तेवढंच, किंवा पहिल्या पुरात सगळं धुऊन आलेलं, अशा वेळी हे जास्त होतं. कुणी मुद्दाम मिसळलेलं नसतं. क्लोरामाईन रात्रभर ठेवून जात नाही. याच घरात ड्रममध्ये चोवीस तास हवा देऊन ठेवलेल्या पाण्यात मुक्त क्लोरीन शून्य झालं, पण बांधलेलं 0.6 शिल्लक होतं. माशाला ते पुरेसं घातक, कारण क्लोरामाईन कल्ल्यांतून रक्तात शिरतं आणि रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद मारतं. थायोसल्फेट क्लोरामाईनमधलंही क्लोरीन काढून टाकतं. मागे थोडा अमोनिया सुटा राहतो.

पावसाळ्यात घराघरांत क्लोरीनच्या गोळ्या किंवा थेंब वाटले जातात, घरची पाण्याची टाकी धुतल्यावर ब्लीचिंग पावडर टाकली जाते. घरातल्या कुणी त्या टाकीत काय टाकलं हे फिशटँकवाल्याला कळलेलं असलंच पाहिजे. गोळ्यांमधलं क्लोरीन बहुधा सायन्युरिक आम्लाशी बांधलेलं असतं. ते उन्हातही लवकर फुटत नाही. अशा पाण्याची टेस्ट केल्याशिवाय थेंबही वापरू नये.

चौथा दिवस

पहिल्या दिवशी दुपारी योग्य डोस दिला गेला, एअरपंप पूर्ण सोडला, दिवे बंद ठेवले. संध्याकाळपर्यंत उरलेले मासे खाली उतरले. तिसऱ्या दिवशी पाणी पांढुरकं झालं. चौथ्या दिवशी दोन टेट्रा मेले आणि अमोनियाचं किट 1 मिलिग्रॅम दाखवत होतं.

इथे बहुतेक जण क्लोरामाईनवर बोट ठेवतात: थायोसल्फेटने ते फोडलं, अमोनिया सुटला. गणित करून पाहू. 50 लिटरमध्ये बांधलेलं क्लोरीन 0.8 च्या दराने 40 मिलिग्रॅम. त्याला बांधलेला नायट्रोजन त्याच्या पाचव्या हिश्श्याइतका, म्हणजे 8 मिलिग्रॅम. 95 लिटरमध्ये पसरला तर लिटरला एक दशांशसुद्धा नाही. किटवर 1 आलाय. उरलेला अमोनिया माशांचाच, आणि तो साठला कारण त्याला खाणारे जिवाणू नव्हते.

ते गेले कुठे? टाकीत आलेलं क्लोरीन पाण्यातल्या घाणीशी, खडीशी लढण्यात बरंच खर्च झालं. तिथले जिवाणू थोडेफार वाचले असतील. पण स्पंज 2 मिलिग्रॅमच्या वाहत्या पाण्याखाली पाच मिनिटं पिळला गेला. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंचं मुख्य घर तेच, आणि या टाकीत दुसरा फिल्टरच नव्हता. मासे मारण्याचं उरलेलं अर्धं काम स्पंज धुण्याने केलं. स्पंज धुवायचा तो टाकीतून काढलेल्या जुन्या पाण्याच्या बादलीत, दोन-तीनदा पिळून, पाणी वाहण्याइतकाच मोकळा करायचा. तपकिरी राहिला तरी चालतो, किंबहुना राहायलाच हवा. पाणी बदलायचा दिवस आणि स्पंज धुवायचा दिवस पुढेमागे ठेवावा.

1 मिलिग्रॅम अमोनिया किती वाईट हे पीएच आणि तापमानावर ठरतं. पीएच 7.2 ला, 30 अंशांवर, त्यातला सव्वा टक्काच विषारी स्वरूपात असतो. पीएच 8.2 ला तो 11 टक्क्यांवर जातो, म्हणजे 0.11 मिलिग्रॅम, आणि एवढ्यात आधीच जळालेल्या कल्ल्यांचे टेट्रा टिकत नाहीत. पुण्या-मुंबईकडच्या मऊ पाण्यासाठी लिहिलेले सल्ले बोअरचं पाणी भरणाऱ्या आपल्या भागात जसेच्या तसे चालत नाहीत ते यामुळे. पीएच उतरवण्याची औषधं मात्र टाकू नयेत; कठीण पाण्यात पीएच परत उसळतो आणि ती वर-खाली माशांना जास्त छळते.

उपाय साधा आणि कंटाळवाणा होता. दोन दिवस खाणं बंद, मग चिमूटभर. रोज 30 टक्के पाणी बदलायचं, प्रक्रिया केलेलं. दर वेळी अमोनिया तेवढा उतरतो. ओळखीच्या दुसऱ्या निरोगी टाकीतला मुरलेला स्पंज मिळाला तर तो आपल्या फिल्टरशेजारी लावायचा, दोन आठवड्यांचं काम काही दिवसांत होतं. आठवड्याभराने नायट्राइट चढतं, तेव्हा लिटरला दीड दशांश ग्रॅम मीठ, इथे 14 ग्रॅम, वजनकाट्यावर मोजून, मगभर पाण्यात विरघळवून टाकायचं. मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. या क्लोराइडचा आणि त्या क्लोरीनचा संबंध नाही, घाबरू नये.

पहिल्या वीस मिनिटांत काय करायला हवं होतं

मासे वर आलेले दिसताच संपूर्ण टाकीच्या 95 लिटरच्या हिशेबाने डोस: दहा टक्के द्रावणाचं 10 मिलिलिटर. हे वाटतं तेवढं भयंकर नाही. थायोसल्फेट दुप्पट-तिप्पट झालं तरी माशांना सोसतं, कमी पडलं तर सोसत नाही. ते सेकंदांत काम करतं, फक्त टाकीभर पसरायला हवं, म्हणून मगाने पाणी हलवायचं. एअरपंप पूर्ण. 30 अंशांच्या पाण्यात ऑक्सिजन मावतो लिटरला साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास, आणि अर्धे कल्ले गेलेल्या माशाला त्यातला प्रत्येक थेंब हवा असतो.

हाताशी थायोसल्फेट नसेल तर व्हिटॅमिन सी चालतं: 1 मिलिग्रॅम क्लोरीनला सुमारे अडीच मिलिग्रॅम. 100 मिलिग्रॅम क्लोरीनसाठी 250, म्हणजे 500 ची अर्धी गोळी कुटून. चघळायच्या नारिंगी गोळ्यांत साखर आणि रंग असतो, नाइलाज असेल तरच त्या. आणखी एक मार्ग या घरात दारातच होता, कुणाला सुचला नाही: बोअर. थेट बोअरमधून घेतलेल्या पाण्यात क्लोरीन नसतं. टीडीएस 900, माशांना सवय 1100 ची. बादलीत दहा मिनिटं एअरस्टोन लावून मासे त्यात हलवता आले असते.

मग कायमच बोअरचं का नको? कारण क्षार साठतच जातात, आणि रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात किंवा कपाशीच्या शिवारात खतांमुळे नायट्रेट किती आहे हे तपासल्याशिवाय सांगता येत नाही. भर घालायला आरओचं किंवा प्रक्रिया केलेलं नदीचं पाणी घ्यावं. आरओच्या बाजूच्या नळीतून वाया जाणाऱ्या पाण्यात क्लोरीन नसतं, ते आत कार्बनमधूनच आलेलं असतं, पण क्षार घट्ट झालेले असतात. मूळ पाणी नदीचं असेल तरच त्याचा विचार करावा.

आता पाणी कसं बदललं जातं

द्रावण घरीच करतात. 100 ग्रॅम थायोसल्फेटचे स्फटिक 700 मिलिलिटर आरओच्या पाण्यात विरघळवायचे. बाटली हाताला गार लागते, ते बरोबर आहे. मग पाणी घालून एकूण 1 लिटर करायचं. तपकिरी बाटली, थंड जागा, वर तारीख. तळाशी पांढरा-पिवळट गाळ दिसला किंवा गढूळ झालं तर फेकून नवं करायचं. मेडिकलमधून आणलेली 5 मिलिलिटरची सिरिंज, सुईशिवाय, बाटलीलाच रबराने बांधलेली.

नळ आल्यावर वीस मिनिटांनी 50 लिटरच्या निळ्या ड्रममध्ये 25 लिटर भरायचं. ड्रमवर दर 10 लिटरला मार्करची रेघ. हा ड्रम फिनाईल-साबणाला कधी न लागलेला. डोस दर 10 लिटरला 1 मिलिलिटर, म्हणजे दीड मिलिग्रॅमच्या जरा खालपर्यंतचं क्लोरीन त्यात निघतं. जून ते सप्टेंबर आणि टेस्टमध्ये रंग गडद आला की 2 मिलिलिटर. 25 लिटरला बरोबर एक सिरिंज भरते. डोस आधी ड्रममध्ये, पाणी त्यावर. दहा मिनिटं ढवळून पुन्हा टेस्ट: पाच मिनिटांनंतरही पिवळेपणाची छटा नसली तरच पुढे. पाइपाने थेट टाकीत भरायचंच असेल तर डोस नव्या पाण्याचा नाही, पूर्ण टाकीचा धरायचा आणि पाणी सोडण्यापूर्वी टाकायचा. तरी धारेच्या तोंडाशी आलेल्या माशाला झटका बसतोच, म्हणून ड्रम बरा.

गढूळ पाणी असेल तर घरात तुरटी फिरवायची सवय असते. ड्रममध्ये फिरवून, गाळ बसल्यावर वरचं पाणी अलगद काढून घेतलं तर चालतं. तुरटीचा खडा टाकीत फिरवू नये. त्याने पाण्याची पीएच धरून ठेवायची ताकद उतरते आणि ॲल्युमिनियम कल्ल्यांना झोंबतं.

नळ आठ दिवसांनी, पाणी बदलायचं आठवड्याला, त्यामुळे दोन्ही एकाच दिवशी येतं. पण पाळी चुकते, म्हणून एक ड्रम नेहमी भरून ठेवावा. तो उघडा ठेवू नये. डेंग्यूचे डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतात. तोंडाला मलमलचं कापड बांधून दोरी आवळावी, एअरस्टोनची नळी कापडातून आत. कोरडा दिवस पाळायला आलेल्या आरोग्य कर्मचाऱ्याशीही मग वाद होत नाही.

ड्रमचं पाणी खोलीतच ठेवल्याने टाकीच्या तापमानाला येतं. दोन अंशांहून जास्त फरक नको. मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी चाळिशीच्या वर असतं, त्याने क्लोरीनशिवायच मासे उकडतील. त्या दिवसांत पाणी पहाटेच बदलावं. एका वेळी चौथाई पाणी, ते बारीक नळीने वीस-तीस मिनिटांत. टीडीएस फार चढलेल्या जुन्या टाकीला ही चौथाईसुद्धा पहिल्या दोन-तीन वेळा निम्मी करावी.

बाजारात अमोनियाही बांधतो म्हणणारी कंडिशनर मिळतात. क्लोरामाईनच्या दिवसांत ती उपयोगाची आहेत, पण ती वापरल्यावर नेसलर पद्धतीचं अमोनिया किट खोटा, चढा आकडा दाखवतं. सॅलिसिलेट पद्धतीचं किट लागतं. या घराने थायोसल्फेटवरच राहायचं ठरवलं, स्पंज एकाचे दोन केले, आणि अमोनिया-नायट्राइट दोन्ही सलग आठवडाभर शून्य दाखवल्यावर तीन टेट्रा आणले. एंजलसाठी अजून महिनाभर थांबायचं आहे.